विहीणबाईंसाठी बिनगव्हाचे पाव

माझ्या विहीणबाईंना मी एकदा आजारी पाडलं आहे. मुद्दाम नाही. पण पाडलं.

त्याचं असं झालं. आमच्या अनिकेतचा साखरपुडा होता. वासंतीताई, म्हणजे मुलीची आई, पुण्याहून इंदूरला आल्या होत्या. त्यांना गहू चालत नाही हे मुग्धाने, म्हणजे आमच्या होणाऱ्या सुनेने, आधीच सांगून ठेवलं होतं. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. गव्हाचा कण पोटात गेला तरी त्यांची आतडी संपावर जातात. मी मनात म्हटलं, असेल पुण्याची काहीतरी फॅशन! (आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना पुण्याची कुठलीही गोष्ट आधी फॅशनच वाटते.) वासंतीताई बिचाऱ्या हॉलच्या कोपऱ्यात केळं खात बसल्या होत्या. ते पाहून मला यजमानपणाचं भरतं आलं. मी वाटीभर बटाट्याची भाजी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"घ्या हो ताई! यात गहू कुठून येणार? शुद्ध बटाटा आहे."

"नक्की ना, प्रभाकरराव?"

"माझी गॅरंटी!"

त्या गॅरंटीने त्यांना तीन दिवस अंथरुणावर ठेवलं. भाजीत हिंग होता आणि त्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं होतं. तसं डबीवर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मी चौतीस वर्षं वीज खात्यात लोकांचे मीटर वाचले, पण हिंगाची डबी कधी वाचली नव्हती.

मला कोणीही काही बोललं नाही. हेच जास्त वाईट. निघताना वासंतीताई एवढंच म्हणाल्या, "भाजी चवीला छान होती हो." ते वाक्य पुढे दोन वर्षं मला ऐकू येत राहिलं. बायको, सुलभा, दर वेळी फोडणी घालताना हिंगाची डबी माझ्यासमोर जरा जोरात आपटायची. बाकी काही नाही.

यंदा मुग्धाला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं ठरलं आणि त्यासाठी वासंतीताई पाच दिवस आमच्याकडे येणार हेही ठरलं. सुलभाने मुग्धाला प्रेमाने विचारलं, "सांग बेटा, तुला काय खायचा डोहाळा आहे? तळलेला गराडू कंद? भुट्ट्याचा कीस? जे म्हणशील ते बनवून देते."

मुग्धा इंदूरजवळ राऊच्या कॉलेजात शिकवते. बोलते मोजकं आणि मुद्द्याचं. ती म्हणाली, "मला आईबरोबर एका ताटात पावभाजी खायचीय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"लहानपणी दर शनिवारी आम्ही दोघी खायचो. मग तिचं ते दुखणं निघालं. नऊ वर्षं झाली, तिने पावाला हात लावला नाही. मी एकटी खाल्ली तर मला गिळवत नाही." एवढं बोलली आणि तिचे डोळे भरले. सातवा महिना होता, त्या दिवसांत तिचे डोळे कुकरची शिट्टी झाली तरी भरायचे. पण हे भरणं वेगळं होतं, ते मलासुद्धा कळलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाव मी करीन!"

सुलभाने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही?"

"हो, मी."

"तुम्ही चहा केला की मला ओटा धुवायला लागतो!"

"तो भाग वेगळा."

मग मुग्धाने अटी सांगितल्या. गहू नाही, मैदा नाही, रवा नाही. ठीक. दूध, दही, तूप, लोणी नाही, कारण प्राण्यांपासून आलेलं काही खायचं नाही असं ताईंनी तीन-चार वर्षांपूर्वी ठरवलं आहे. (माळव्यात पाहुण्याला तूप न वाढणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवण्यासारखं आहे. पण ठीक.) आणि खमीर, म्हणजे यीस्ट, तेही नाही, त्याने त्यांचं पोट फुगतं.

"मग उरलं काय?" मी विचारलं.

"पाणी," अनिकेत म्हणाला आणि ऑफिसच्या मीटिंगला निघून गेला.

मी मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यात एप्रन घातलेल्या एक बाई फाडफाड इंग्रजीत बोलत असे पाव करत होत्या आणि ते पाव मऊ, फुगलेले, गालावर ठेवून झोपावं असे निघत होते. मी सामान वहीत उतरवून घेतलं. तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, टॅपिओका स्टार्च, सायलियम हस्क, बेकिंग पावडर, बेकिंग सोडा, व्हिनेगर, तेल, थोडी साखर. वही घेऊन मी अन्नपूर्णा रोडवरच्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात गेलो. दुकानाचा मालक गोपाल भिया (इंदूरात 'भैया'चा 'भिया' होतो) मला तीस वर्षांपासून ओळखतो.

"भिया, टॅपिओका स्टार्च आहे का?"

"वो क्या होता है, अंकलजी?"

मी फोन दाखवला. त्याने चष्मा वर करून फोटो पाहिला. "अरे, ये तो साबूदाने का आटा है! बोलो ना सीधा सीधा. और क्या?"

"सायलियम हस्क."

त्याने पुन्हा फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. डॉक्टरचा वाईट बातमी सांगताना होतो तसा. आवाज खाली आणून तो म्हणाला, "अंकलजी, ये तो इसबगोल है. कब से तकलीफ है?"

"तकलीफ नाही रे! पाव करायचे आहेत."

"हां हां, पाव," तो समजुतीने म्हणाला. "शरम की कोई बात नहीं है. कितना दूँ? बड़ावाला डब्बा दे दूँ?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एका बाईंनी मला कोमट पाण्यात एरंडेल घ्यायला सांगितलं. एका गृहस्थांनी सकाळी उठून उकिडवं बसण्याचा एक प्रकार तिथंच, तांदळाच्या पोत्याशेजारी, करून दाखवला. आणि मागे उभे होते आमचे शेजारी पाटीदारजी. मनाने अत्यंत प्रेमळ माणूस, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा बगीच्यातले सगळे जण माझी ज्या हळुवारपणे चौकशी करत होते, त्यावरून मी समजून गेलो. रात्रीच्या जेवणाआधी दारात दोन पिकलेल्या पपया आल्या!

असो. ज्वारी मी चक्कीवर दळून आणली. पिशवी ओट्यावर ठेवली, तोच मुग्धा आली.

"बाबा, हे कुठून दळलं?"

"आपल्या चक्कीवरून. ताजं आहे."

"तिथे आधी काय दळत होते?"

मी आठवलं. माझ्या आधी एका बाईंचा दहा किलो शरबती गहू दळून झाला होता. चक्कीवाल्याच्या भुवयासुद्धा गव्हाने पांढऱ्या झाल्या होत्या. मी तसं सांगितलं. मुग्धाने पिशवी उचलून कणकेच्या डब्याशेजारी ठेवून दिली. मग तिने मला समजावलं. तेच भांडं नको, तोच पोळपाट नको, तोच ओव्हन नको. आमच्या जुन्या गोल ओव्हनमध्ये पंचवीस वर्षं मैद्याची नानखटाई झाली होती, तो एका फटक्यात बाद. ज्वारी घरीच दळायला मिक्सरचं नवं भांडं आलं, नवा ओव्हन आला, नवी चाळणी, नवी परात. पाव आमच्याकडे अजून झाला नव्हता, पण त्याचा संसार पूर्ण मांडून झाला होता.

मग पहिला घाणा. व्हिडिओतल्या बाईंनी इसबगोल 'दोन टेबलस्पून' सांगितलं होतं. टेबल म्हणजे जेवणाचं टेबल, हे मला उघडच वाटलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर भात वाढायचा चमचा असतो. मी त्याचे दोन भरून घातले. (मोजमापाच्या खात्यातून निवृत्त झालेला मी. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.) पाणी ओतलं. पीठ पाणी प्यायला लागलं. आणखी ओतलं, तेही प्यालं. बघता बघता परातीत एक राखाडी, चकचकीत गोळा तयार झाला आणि तो बोटाने दाबला की हळूच परत वर येऊ लागला.

सुलभा डोकावली. "हे काय बनवून राहिले तुम्ही?"

"पीठ आहे."

"हे खायचं आहे, की नळाच्या सांध्याला लावायचं आहे?"

मी दुर्लक्ष केलं. गोळे केले, ओव्हनमध्ये ठेवले, चाळीस मिनिटं काचेतून बघत उभा राहिलो. बाहेरून रंग सुरेख आला. सुरी घातली तर ती कवचातून कटकन आत गेली आणि आतच राहिली! मी ओढली तर पाव सुरीसकट वर आला. आत अजून तोच राखाडी गोळा, फक्त गरम.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात आली. आता, आमच्या शहरात कचरा फेकणं ही साधी गोष्ट नाही. ओला वेगळा, सुका वेगळा, त्यात चूक झाली तर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर परत देतो. मी ते बारा पाव ओल्याच्या खणात टाकायला गेलो तर गाडीवाल्याने हात आडवा घातला.

"अंकलजी, ये क्या है?"

"पाव आहेत. ब्रेड."

त्याने एक उचलला. बोटाने वाजवून पाहिला. टणटण आवाज आला. "ये तो सूखे में जाएगा."

"अरे नाही भिया, खाण्याची वस्तू आहे. गीला!"

त्याने पाव गाडीच्या कडेवर आपटून फोडला, आत बोट घातलं आणि ते बराच वेळ निरखून पाहिलं. मग मोठ्या शांतपणे निकाल दिला. "बाहर से सूखा है, भीतर से गीला है. अलग-अलग करके दो."

गाडी थांबली होती. गाणं चालू होतं. मी पायरीवर बसलो आणि सुरीने बारा पावांची कवचं सोलायला घेतली. पाटीदारजी गॅलरीत चहा पीत होते. वरूनच त्यांनी विचारलं, "भाईसाब, उस दिन के पपीते से फरक पड़ा के नहीं?"

दुसऱ्या घाण्याला मी चमचा बदलला. इसबगोल मोजून घातलं, आधी पाण्यात भिजवलं, दहा मिनिटं थांबलो. पीठ खरंच पिठासारखं दिसायला लागलं. शेवटी सोडा आणि त्यावर व्हिनेगर टाकलं. फस्स करून सगळं फुलून वर आलं! मला इतका आनंद झाला की मी सुलभाला हाक मारणार, एवढ्यात फोन वाजला. वासंतीताई.

"प्रभाकरराव, कसे आहात? मुग्धा म्हणत होती, तुम्ही माझ्यासाठी काहीतरी करताय म्हणून."

"छे, छे, काही विशेष नाही. साधे पाव आपले."

मग त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही उगीच त्रास नका हं घेऊ. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोरडी चटणी बरोबर घेऊनच येते. पाच दिवस पुरतील इतक्या."

पाच दिवसांच्या भाकऱ्या! म्हणजे बाईंनी आमच्या घरचं पाणी तेवढं प्यायचं ठरवलं होतं. मी त्यांना समजावायला लागलो. नवी परात, नवी चाळणी, नवा ओव्हन, सगळं सांगितलं. हिंगाबद्दल माफीही मागितली, दोन वर्षांत पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "अहो, ते मी केव्हाच विसरले." माणूस खरंच विसरला असेल तर इतक्या पटकन हे उत्तर देत नाही. बोलणं वीस मिनिटं चाललं. परत आलो तेव्हा परातीतलं पीठ दमून बसलं होतं. तरी भाजलं. चपट्या, कडक मठऱ्या निघाल्या.

मी स्टुलावर बसून राहिलो. सुलभाने एक मठरी मोडली, हुंगली आणि विचारलं, "सोडा टाकून किती वेळ ठेवलं?"

"वीस मिनिटं. फोन होता."

"ढोकळा कधी पाहिला आहे करताना? सोडा पडला की दारात कोणी का येईना, पीठ आधी आत जातं. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं ना. पण तुम्ही त्या एप्रनवालीलाच विचारून राहिले!"

तिसरा घाणा तिने कमरेवर हात ठेवून माझ्याकडून करून घेतला. तिने स्वतः हात लावला नाही. ओव्हन आधी तापवायला लावला, गोळे ओल्या हाताने करायला लावले, सोडा पडल्यावर "चला, चला, चला!" म्हणून मला अक्षरशः पळवलं. अर्ध्या तासाने काचेत पाहिलं तर पाव फुगले होते. खरेखुरे, गुबगुबीत, तपकिरी! बाहेर काढून वरून तेलाचं बोट फिरवलं. दाबला तर दबला. फोडला तर तुटला. मुग्धाने एक हातात घेतला, नुसताच दाबून पाहिला आणि खुर्चीवर बसून रडायला लागली. मी समजलो, जमलं.

वासंतीताई आल्या. बॅगेतून भाकऱ्यांचे दोन डबे निघाले. ते मी नव्या परातीशेजारी ठेवले.

डोहाळजेवणाच्या दिवशी दुपारी मी चौदा पाव केले. एकापेक्षा एक. सुलभाने वासंतीताईंची भाजी वेगळ्या कढईत, तेलावर, बिनहिंगाची केली. हॉलमध्ये बायका ओटी भरत होत्या, गाणी चालली होती. पाव मी नव्या टोपलीत, नव्या फडक्याखाली झाकून ओट्यावर ठेवले आणि सदरा बदलायला गेलो. मला लागली असतील पाच मिनिटं. एक भांगाला जास्तीचं.

परत आलो तर स्वयंपाकघरात पाटीदारजी हसतमुखाने उभे.

"भाईसाब, सुना के पावभाजी है! मैंने सोचा मेहमान ज्यादा हैं, कम पड़ जाएँगे. तो बेकरी से आठ ले आया, एकदम ताजे. आपकी टोकरी में ही जमा दिए."

मी फडकं उचललं. आत बावीस पाव होते. बावीसच्या बावीस गोल, तपकिरी, तेलाने चमकणारे. आठवडाभर माझी एकच इच्छा होती, की माझे पाव हुबेहूब बेकरीसारखे दिसावेत. ती देवाने नेमकी आज पूर्ण केली होती!

"यातले तुमचे कुठले?" मी विचारलं.

पाटीदारजींनी वाकून पाहिलं. "अब ये तो... सब एक जैसे हैं, भाईसाब. क्या बात है, आपने भी बेकरी से ही मंगाए?"

दुसरा कुठला दिवस असता तर या वाक्यावर मी त्यांना मिठी मारली असती. बाहेरून सुलभाची हाक आली, "अहो, पाव आणा! ताटं घेतली!" माझं डोकं चालेना. दिसण्यावरून ओळखू येत नाही, तर चवीवरून येईल. मी पहिला पाव उचलून चावा घेतला. माझा. बाजूला ठेवला. दुसरा चावला. हाही माझा. तिसरा. वा, हा तर नक्कीच माझा. घाम पुसत पुसत मी पुढे जात राहिलो. पाटीदारजी आधी नुसते पाहत होते, मग मदत म्हणून मला एकेक पाव हातात द्यायला लागले.

एकविसाव्या पावाला दारात सुलभा आली. तिच्या मागे वासंतीताई. माझे दोन्ही गाल भरलेले, समोर चावे घेतलेल्या पावांची रांग आणि शेजारी पाटीदारजी बाविसावा घेऊन तयार.

"हे काय करून राहिले तुम्ही!" सुलभा किंचाळली.

घास गिळून मी सगळं सांगितलं. शेवटी रांगेकडे बोट दाखवून म्हटलं, "पण आता काळजी नाही. हे बघ, हे सगळे माझे."

"सगळे?"

"सगळे."

"आठ यांचे आहेत ना? मग तुमचे एकवीस कसे झाले?"

मला प्रत्येक चाव्यात माझंच कर्तृत्व लागलं होतं.

वासंतीताई पुढे आल्या. हळूच म्हणाल्या, "प्रभाकरराव, ओळखता आले असते तरी मला चालले नसते हो. एका टोपलीत लागून बसले की संपलंच." आणि मुग्धाकडे वळल्या. ती हॉलच्या दारात हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत उभी होती. चेहरा एवढासा झालेला. "असू दे गं राणी. मी भाकरी घेते, तू पाव घे. बसू एका ताटात."

मुग्धाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. साखरपुड्याच्या वेळी ही मुलगी माझ्याकडे असंच बघू शकली असती, पण बघितलं नव्हतं. मला ते सहन होईना.

"पाऊण तास द्या," मी म्हणालो.

"अहो, माणसं खोळंबलीत!" सुलभा म्हणाली.

"खोळंबू देत. ताई, तुम्ही इथं स्टुलावर बसा. माझ्या हातांकडे बघत बसा. काही चुकलं तर ओरडा."

मी हात कोपरापर्यंत धुतले. अनिकेतने ओटा तीनदा पुसला. बावीस पाव पाटीदारजींनी स्वतःच्या घरी नेले. (आमच्या दारात यायला ते पुढे दोन दिवस बिचकत होते. तिसऱ्या दिवशी मीच चहाला बोलावलं.) पिठं मिसळली, इसबगोल भिजवलं. हॉलमधल्या बायका गाणी सोडून स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाल्या. साडी नेसलेल्या अठरा बायकांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा पीठ मळत होतो. वासंतीताई स्टुलावर बसून परीक्षकासारख्या बघत होत्या. सोडा घातल्यावर मात्र त्यांना राहवेना. उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "सरका, दोघं मिळून लवकर होतील." त्या गोळे करत होत्या, मी ताटात मांडत होतो. सुलभा मागून ओरडत होती, "चला, चला, चला!" आणि अठराही बायका तिच्या सुरात सूर मिसळून ओरडायला लागल्या. आमच्या घरात इतकं उत्साहाचं डोहाळजेवण कधी झालं नसेल.

पाव जरा वेडेवाकडे निघाले. एकाला नाक आल्यासारखं दिसत होतं. पण फुगले होते आणि मऊ होते. मायलेकी एका ताटाशी बसल्या. वासंतीताईंनी पाव मोडला. भाजीत बुडवला. तोंडात घातला. आम्ही सगळे बघत उभे. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग दुसरा तुकडा मोडून लेकीच्या तोंडात दिला. दोघींच्याही गालांवरून पाणी चाललं होतं आणि भाजी तिखट नव्हती. ताईंनी चार पाव खाल्ले. मी मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मी त्यांच्या खोलीबाहेर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. सात वाजले, दार बंद. आठ वाजले, दार बंद. मी तेच पान चौथ्यांदा उलटलं. साडेआठला दार उघडलं आणि ताई जांभई देत बाहेर आल्या. "काय झोप लागली हो! चहा झाला का?" मी इतका धावत चहा करायला गेलो की त्या दिवशीही सुलभाला ओटा धुवावा लागला.

पाचव्या दिवशी त्यांना सोडायला मी स्टेशनवर गेलो. भाकऱ्यांचा दुसरा डबा उघडलाच गेला नव्हता, तसाच परत निघाला होता. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. त्या म्हणाल्या, "प्रभाकरराव, ती कृती मला लिहून द्याल का?"

मी ती आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती! दोन पानं, दोन्ही बाजूंनी. पिठं ग्रॅममध्ये, पाणी मिलिलिटरमध्ये, वाढायचा चमचा का नको याचं आकृतीसह स्पष्टीकरण, सोडा आणि फोन यांच्यावर एक वेगळा परिच्छेद. त्यांनी खिडकीशी बसून ती पानं नीट, वरपासून खालपर्यंत वाचली. वाचता वाचता त्यांच्या ओठांवर हसू यायला लागलं. मला वाटलं, माझ्या भाषेला दाद आहे.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "रागावणार नाही ना?"

"विचारा की!"

"पाव अगदी मऊ झाला होता. इतका मऊ मी विकतचाही खाल्ला नसेल. पण त्यात मीठ का नव्हतं?"

मी पानं परत घेतली. पुढून वाचली, मागून वाचली. गाडीने शिट्टी दिली. चारही बाजूंना मीठ नव्हतं. आमच्या पाचही घाण्यांत कधी नव्हतं, हे घरी आल्यावर सुलभाने सांगितलं. तिला ते तिसऱ्या घाण्यापासून ठाऊक होतं. "मग बोलली का नाहीस?" मी ओरडलो. ती म्हणाली, "तुम्ही मला इतक्या खुशीने विचारून राहिले होते, चव कशी झाली म्हणून. मी म्हटलं, भाजीत जास्त टाकून देऊ."